डिप्रेशनची गोळी सुटली की डोक्यात करंट का मारतो?

डिप्रेशनची गोळी कधी बंद करायची हे डॉक्टरनं ठरवावं, असा नियम आहे. आमच्याकडे विदर्भात ते बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी ठरवतं. कापूस वेचणीला आला की तालुक्याला जायला दिवस मोकळा सापडत नाही. एखाद्या दिवशी मजुरी बुडवून दवाखाना गाठला तर खिडकीवर कळतं की ती गोळी संपली, पुढच्या आठवड्यात या. घरात सासू सुनावते, "गोयी गरम पडते, सोडून दे आता. चांगली तर दिसून रायली!" आणि कधी कधी माणसाला खरंच बरं वाटत असतं. झोप लागते, जेवण जातं, शेतात मन रमतं. मग रोज गोळी गिळायची कशाला, म्हणून गोळ्यांचा पत्ता खिडकीच्या कोनाड्यात पडून राहतो.

पहिले दोन दिवस बहुतेकांना काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एकेक सुरू होतं. मान वळवली किंवा डोळे पटकन एका बाजूला नेले की डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखा झटका बसतो. "डोक्यात करंट मारल्यावानी होते" हे वर्णन मी इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी दुसरे शब्द वापरले तर नवल वाटतं. चालताना तोल जातो, जमीन हलल्यासारखी वाटते. मळमळतं, घाम येतो, सर्दी-तापासारखं अंग दुखतं, हातापायांना मुंग्या येतात. झोप उडते, आणि लागलीच तर स्वप्नं इतकी खरी की माणूस दचकून उठून बसतो. बारक्या गोष्टीवरून चिडचिड होते आणि उगाच रडू कोसळतं.

मग घरात तर्क सुरू होतात. एक म्हणतो बिमारी परत आली. दुसरा म्हणतो गोळीची सवय लागली, दारूसारखी. तिसरा स्वप्नांचं ऐकून अंगाऱ्याचं नाव काढतो. यातला पहिला तर्क कधी कधी खरा निघतो, त्यामुळे त्याकडे पुढे नीट बघू. उरलेले दोन सोडून द्यावेत.

नक्की काय होतं ते असं. आपल्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी काही रसायनं असतात, त्यातलं एक सेरोटोनिन. काम झालं की पेशी ते परत आत ओढून घेते. डिप्रेशनच्या बहुतेक गोळ्या ही परत ओढण्याची वाट अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ राहतं. मेंदू मात्र स्वस्थ बसत नाही. काही आठवडे, महिने असं चाललं की तो या नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो आणि निरोप ऐकण्याची स्वतःची ताकद थोडी कमी करून ठेवतो. आता गोळी एकदम काढली तर सेरोटोनिन झपाट्यानं खाली येतं, पण मेंदूनं केलेली जुळवाजुळव तशीच असते. ती मोडून पुन्हा पूर्ववत व्हायला त्याला वेळ लागतो. हा मधला काळ म्हणजे हा सगळा त्रास. सेरोटोनिन फक्त मनाचं काम करत नाही. आतडी, तोल सांभाळणं, झोप, अंगाचं तापमान यांच्याशीही त्याचा संबंध आहे. म्हणून मळमळ, चक्कर आणि घाम. डोक्यातल्या झटक्यांचं नेमकं कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. मेंदूला त्यातून इजा होते असा मात्र पुरावा नाही.

व्यसन वेगळं. व्यसनात माणसाला ती वस्तू हवी-हवीशी होते, मात्रा वाढवत न्यावी लागते, तिच्यासाठी तो घरातलं विकतो. डिप्रेशनच्या गोळीसाठी कोणी तसं तळमळत नाही, उलट ती घ्यायचीच विसरतो. पण "सवय लागत नाही" एवढं एक वाक्य बोलून पेशंटला वाटेला लावणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. सवय लागत नसली तरी सोडताना त्रास होऊ शकतो. हे गोळी सुरू करतानाच सांगितलं, तर पुढचा अर्धा घोळ होणार नाही.

किती जणांना होतो? २०२४ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय मासिकात ७९ अभ्यासांची आणि सुमारे २१ हजार लोकांची एकत्रित मांडणी आली. खरी गोळी सोडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. गंमत अशी की ज्यांना नकळत औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यातल्याही १७ टक्क्यांनी ती थांबवल्यावर त्रास सांगितला. हा फरक धरला तर दर सहा-सात माणसांत एकाला खरोखर औषध सुटल्यामुळे त्रास होतो, आणि साधारण ३५ मध्ये एकाला तो तीव्र असतो. या आकड्यांवर आक्षेपही आले. त्या अभ्यासांतले बरेच लोक गोळीवर थोडेच महिने होते, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा अनुभव जास्त कठीण असू शकतो. मला तो आक्षेप रास्त वाटतो. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो, पण काहींना महिनोन्‌महिने पुरतो, हेही खरं आहे.

त्रास कोणाला जास्त होईल हे बरंचसं गोळीवर अवलंबून असतं, म्हणून घरातला पत्ता उजेडात घेऊन बघा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटीन ही सोडायला सगळ्यांत अवघड. व्हेन्लाफॅक्सिन अंगातून निम्मं निघून जायला जेमतेम पाच तास लागतात, म्हणून एक दिवसाची गोळी चुकली तरी संध्याकाळी काहींना झटके जाणवतात. ड्युलॉक्सेटीनही त्याच घरातलं. एस्सिटॅलोप्रॅम आणि सरट्रालीन अंगातून निम्मी जायला एक दिवस किंवा थोडा जास्त घेतात, ती मधली. फ्लुओक्सेटीन सगळ्यांत सावकाश जातं. ते आणि त्याच्यापासून अंगात तयार होणारं रसायन मिळून कित्येक आठवडे रेंगाळतात, त्यामुळे ते स्वतःच हळूहळू उतरतं. त्याचा त्रास झालाच तर कधी कधी गोळी सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी होतो, आणि तोवर कोणाला गोळी आठवतही नसते.

पत्त्यावर आणखी एक गोष्ट बघायची आहे, आणि या लेखातलं फक्त एकच वाचणार असाल तर हे वाचा. आपल्या देशात एस्सिटॅलोप्रॅमबरोबर क्लोनाझेपाम मिसळलेली एकच गोळी सर्रास मिळते. अमिट्रिप्टिलीनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइडचीही मिळते. यातलं दुसरं औषध झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांच्या जातीचं. त्याची शरीराला खरोखर सवय लागते, आणि बरेच महिने रोज घेतलेलं ते एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. पेशंटला वाटतं मी एकच गोळी सोडली. प्रत्यक्षात त्यानं दोन औषधं एका रात्रीत तोडलेली असतात, त्यातलं एक धोक्याचं. पत्त्यावर दोन नावं दिसली आणि मध्ये 'अधिक'चं चिन्ह असलं, तर ती गोळी स्वतःच्या मनानं एक दिवससुद्धा बंद करू नका.

आता तो पहिला तर्क. बिमारी परत आली की गोळी सुटल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं? आधी तारखा बघा. सुटल्याचा त्रास बहुधा दोन-चार दिवसांत येतो. आजार परततो तो आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि हळूहळू: आधी झोप बिघडते, मग कशात मन लागत नाही, मग माणूस चारचौघांत जायचं टाळतो. दुसरी खूण अंगावरची. करंट, तोल जाणं, मुंग्या, मळमळ या गोष्टी मूळ आजारात नव्हत्या आणि आता आल्या, तर संशय गोळीवर घ्यावा. तिसरी खूण डॉक्टर वापरतात. गोळी परत सुरू केल्यावर एक-दोन-तीन दिवसांत आराम पडला तर तो सुटल्याचा त्रास होता, कारण खरं डिप्रेशन गोळीनं उतरायला दोन ते चार आठवडे लागतात. दोन्ही एकत्रही येऊ शकतात. म्हणून कागदावर तारीख लिहून ठेवणं फार कामाचं: गोळी कधी कमी केली, काय झालं, कोणत्या दिवशी. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता त्यावरच लिहा. डॉक्टरला "लय दिवसांपासून होते" यापेक्षा त्या खुणा जास्त सांगतात.

आमच्या भागात आणखी एक गल्लत होऊ शकते, आणि ती जिवावर बेतणारी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. चक्कर, मळमळ आणि घाम विषबाधेतही होतात. गोळी सोडलेला माणूस फवारून आला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, दम लागला किंवा स्नायू फडफडायला लागले, तर गोळीचा विचार बाजूला ठेवा, कपडे उतरवून अंग साबणानं धुवा आणि १०८ बोलवा. तसंच मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असताना कोणी बरळायला लागलं, तर आधी उष्माघात समजा.

गोळी सोडायची कशी, यात गेल्या काही वर्षांत डॉक्टरांची समजही बदलली आहे. पूर्वीचा रिवाज म्हणजे निम्मी करा, दोन आठवड्यांनी बंद. २०१९ साली लंडनच्या दोन संशोधकांनी मेंदूच्या तपासण्यांवरून दाखवलं की मात्रा आणि परिणाम सरळ हिशोबानं चालत नाहीत. एस्सिटॅलोप्रॅमच्याच घरातल्या सिटॅलोप्रॅमचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमला सेरोटोनिन परत ओढणाऱ्या वाटांपैकी सुमारे ८० टक्के अडतात. साधारण ९ मिलिग्रॅमला ७० टक्के. पाचच्या थोडं वर ६० टक्के. आणि २.३ मिलिग्रॅम, म्हणजे गोळीचा जेमतेम चुरा, त्यालाही ४० टक्के. म्हणजे वीसवरून दहावर आलात तर मेंदूला फारसा फरक कळत नाही, पण पाचवरून शून्यावर आलात की सगळं एकदम कोसळतं. गावातल्या जुन्या पायविहिरीसारखं आहे हे: वरच्या पायऱ्या वीतभर उंचीच्या, उतरायला सोप्या, आणि तळाशी शेवटची पायरी कमरेएवढी. लोक म्हणतात, अर्धी गोळी तर घेत होतो, तिचं काय, सोडून दिली. तीच सोडताना माणूस पडतो.

म्हणून आताचा सल्ला असा की दर टप्प्याला आधीच्या मात्रेचा काही हिस्सा कमी करायचा, आणि खाली जाल तसे टप्पे बारीक करायचे. ब्रिटनमधल्या 'नाईस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही हेच आहे. आधी निम्म्यानं कमी करता येईल, पुढे पाव हिश्श्यानं, आणि एका टप्प्याचा त्रास मिटल्यावरच पुढचा टप्पा. कोणाला हे काही आठवड्यांत जमतं, तर वर्षानुवर्षं गोळीवर असलेल्याला वर्षभरही लागू शकतं. तिकडे थेंबांची औषधं मिळतात, आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाहीत. त्यावर वाट आहे. एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅमची आणि सरट्रालीन २५ ची गोळी मिळते, ती मागा. मध्ये रेघ असलेली गोळी अर्धी करता येते. फारच जड गेलं तर डॉक्टर काही वेळा लवकर उतरणारं औषध बदलून फ्लुओक्सेटीन देतात आणि मग ते उतरवतात. पण हा बदल घरी करायचा नाही, दोन औषधं एकमेकांत मिसळताना हिशोब लागतो. कॅप्सूल किंवा पत्त्यावर 'ईआर', 'एक्सआर', 'सीआर' लिहिलेली गोळी तोडू-कुटू नका, ती दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून केलेली असते.

आणि एक दिवसाआड घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोडा. कागदावर ती निम्मी दिसते. प्रत्यक्षात एका दिवशी मेंदू भरलेला, दुसऱ्या दिवशी रिकामा, तिसऱ्या दिवशी पुन्हा भरलेला. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांत याचा त्रास पूर्ण बंद करण्याइतकाच होऊ शकतो. कमी करायची तर रोजची कमी करा.

गोळी आधीच बंद झाली असेल आणि हे वाचताय तर? त्रास हलका असेल आणि रोजची कामं होत असतील, तर काही दिवस काढता येतात. त्रास जास्त असेल, तर बहुतेकदा ज्या मात्रेवर शेवटचं बरं होतं त्या मात्रेवर परत जातात आणि तिथून सावकाश उतरतात. हे डॉक्टरला विचारून करा, आणि गोळी सुटून बरेच आठवडे झाले असतील तर विचारल्याशिवाय पूर्ण मात्रा सुरू करूच नका. कालची चुकली म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत. मनात मरणाचे विचार आले, माणूस अनेक रात्री न झोपता भरमसाट बोलायला, खर्च करायला लागला, किंवा फिट आली, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

त्या दिवसांत घरी काय करायचं? खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून बसा, मग उभे राहा. विहिरीच्या काठावर, झाडावर, गाडीच्या टपावर चढायची कामं दुसऱ्याला द्या. चक्कर असेपर्यंत मोटरसायकल मागे बसूनच. मळमळत असेल तर उपाशीपोटी राहू नका, थोडी भाकर किंवा मुरमुरे, थोडं थोडं. दुपारनंतर चहा कमी करा, नाहीतर उडालेली झोप आणखी उडते. दारू अजिबात नको. ती तासाभरासाठी बरं वाटवते आणि पहाटे सगळं दुप्पट करून परत देते. घरातल्या एका तरी माणसाला आधी सांगून ठेवा की पुढचे काही दिवस मी चिडेन, रडेन, ते गोळीमुळे आहे. नवऱ्यानं किंवा जावेनं "नाटक करून रायली" म्हणायच्या आत त्यांना हे ठाऊक असलं पाहिजे. आशाताईला सांगायला जमत असेल तर उत्तमच.

सगळ्यात जास्त त्रास मात्र ठरवून सोडणाऱ्यांना होत नाही, गोळी संपल्यामुळे सुटणाऱ्यांना होतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, त्यात डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातली माणसं मदत घ्यायला तयार असतात, हे त्यातून दिसलं. पण त्यांना महिन्याच्या महिन्याला गोळी मिळाली नाही, तर हा खटाटोप दर वेळी चौथ्या दिवशी डोक्यात झटका बनून परत येणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक यादीतली मनाच्या आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटीन, अमिट्रिप्टिलीन ही तिन्ही देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक यादीत आहेत. तेव्हा खिडकीवर 'नाही' म्हटलं तर मुकाट्यानं परत येऊ नका, वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. पत्त्यात दहा गोळ्या उरल्या की पुढची सोय करायला घ्या, दोनवर येईपर्यंत थांबू नका. आणि जाता आलंच नाही तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.

शेवटचा प्रश्न, मुळात सोडावी का? २०२१ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ गोळीवर असलेल्या आणि सोडायला तयार असलेल्या ४७८ लोकांपैकी निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू काढली. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, काढलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. म्हणजे सोडल्यावर धोका वाढतो, पण काढलेल्यांतले शंभरातले चव्वेचाळीस वर्षभर बरे राहिले. पहिल्यांदाच डिप्रेशन झालेल्याला बरं वाटल्यावर किमान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. दोन-तीनदा होऊन गेलेल्याला जास्त. गरोदर बाईनं घाबरून एका दिवसात बंद करू नये, आधी डॉक्टरशी बोलावं.

वेळ निवडायची तर माझं मत असं: जून-जुलैत नको, तेव्हा पेरणी, कर्ज आणि पावसाची वाट हे तिन्ही डोक्यावर असतं. फवारणीच्या महिन्यांत तर मुळीच नको. वेचणी उरकून कापूस विकला गेला, हातात थोडा पैसा आला, की जानेवारीच्या शेवटाला डॉक्टरकडे जाऊन पहिला टप्पा ठरवावा. ऊन तापायच्या आत दोन-तीन टप्पे होतात. मग मे महिन्यात पुढे जायचं की आहे तिथेच थांबायचं, ते कॅलेंडरवरच्या खुणा बघून ठरवता येतं.